वडिलांचे किलोमीटर

दुकानाबाहेर चपला काढून कुणी आत आलं, की मला आजही संताप येतो.

शनिवार पेठेत मी गाड्यांचे मीटर दुरुस्त करते. तो माणूस एकदाच आला, वडिलांची जुनी मोटार घेऊन. आत येताना त्याने देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या. डॅशबोर्डवरच्या बंद घड्याळाच्या जागी त्याला इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएम मीटर हवा होता, पण बाकीच्या मीटरांसोबतच जन्मलेला वाटेल असा. "वडिलांची आठवण आहे हो ताई. त्यांना याची फार हौस होती," म्हणत त्याने हात जोडले.

मी मेली विरघळले. तबकडी हाताने रंगवली, आकडे जुन्या मीटरांसारखेच फिकट हिरवे काढले. पॅनेल परत बसवण्याआधी इंजिन चालू करून दाखवलं. काटा थरथरत वर चढला, तसे त्याने रुमालाने डोळे टिपले.

मग त्याच रुमालाची घडी घालत तो हळूच म्हणाला, "पॅनेल उघडंच आहे, तर किलोमीटरही मागे घ्या ना. गाडीला गिऱ्हाईक आलंय. वडिलांनी फार पळवली हो गाडी."

माझी कानशिलं तापली. हातातला स्क्रूड्रायव्हर सीटवर आपटून मी म्हटलं, "अहो, मग वडील किती ठेवायचे तेवढं सांगा. बाकीचे पुसून टाकते."

टोमणा त्याला लागलाच नाही. मीटरवरच्या लाखाच्या घरातल्या आकड्याकडे बघत त्याने खरोखर विचार केला.

"वीसेक हजार ठेवा," तो म्हणाला. "पुरेत."