माझं एक पाऊल म्हणजे तुमची दीड

सबंध मुलुंड पावलांनी मोजून काढणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघावा, या धक्क्यातून मी लग्नाला चौदा वर्षं होऊनही सावरलेलो नाही. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढली. त्यातलं एकही चुकलं म्हणून परत आलं नाही, हे ते आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या ग्लासाबरोबरच सांगतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा नोकरी, पगार, घरदार सगळं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "स्टेशनपासून किती पावलं झाली?" मी म्हटलं, दहा मिनिटं लागली. त्यावर आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण बेसावध चालतो." हे मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं. लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि "नवरदेव अठरा अंश उत्तरेला सरकलेत" असं जाहीर करून भटजींसकट सगळ्यांना पुन्हा मांडून घेतलं. दोनशे माणसं अक्षता मुठीत धरून बघत होती. मी इतका हबकलो होतो की मंगलाष्टकं कधी संपली ते मला कळलंच नाही.

मीटर, किलोमीटर या गोष्टी त्यांना परक्या वाटतात. "माझं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटर. वर्कशॉपच्या फरशीवर पट्टी लावून मोजलंय," असं ते रिक्षावाल्यालाही ऐकवतात आणि मीटरने चार पावलं जास्त दाखवली म्हणून त्याच्याशी भांडतात. आम्ही दर रविवारी अंधेरीहून त्यांच्याकडे जातो. तिथून सासरे आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मुक्ता मासळी आणायला जातात. मी पिशवी घेऊन बरोबर असतो. ते रस्ताभर मोजतात, ती रस्ताभर मोजते, आणि पापलेट घेईपर्यंत दोघं माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.

अशा माणसाने शहात्तराव्या वर्षी मुलांची ओरिएंटिअरिंगची स्पर्धा भरवायची ठरवली, तेव्हा खरं तर मला धक्का बसायला नको होता. तरी बसला. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, लपवलेले आठ झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्याला बांधलेल्या पंचने कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं, असा तो खेळ. "ही पोरं फोन बंद पडला तर स्वतःच्या घरी पोचायची नाहीत," हे त्यांचं दुःख. तीन वर्षं मागे लागल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीबाई वैतागून म्हणाल्या, "काका, एकदाच हां. कायपण लफडं झालं ना, तर परत विषय काढायचा नाही." मग चार महिने सासरे कंपाउंडमध्ये, बागेत आणि मागच्या गल्लीत मोजत फिरले. सासूबाईंची केशरी साडी झेंड्यांसाठी कापली गेली. मी सासूबाईंची बाजू घ्यायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "तेंका सांगान उपयोग काय? आयकतत खंय ते!" नकाशावर इमारतींची नावं नव्हती. नुसत्या दिशा आणि पावलं. नाव वाचून शोधलं तर तो पत्ता शोधणं झालं, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी सकाळी बावीस मुलं जमली. सासऱ्यांनी सगळ्यांचे फोन एका पातेल्यात जमा केले, वर झाकण ठेवलं आणि सांगितलं, "नकाशातली पावलं माझी आहेत. माझं एक पाऊल म्हणजे तुमची दीड. हिशोब करा आणि चाला." मुक्ताने हात वर केला. "प्रश्न नंतर!" म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली.

अर्ध्या तासात पहिलं मूल यायला हवं होतं. तास झाला तरी एकही आलं नाही. आईबाप गोळा झाले. एक गृहस्थ ओरडले, "काका, मस्करी आहे काय? पोरांचे फोनपण काढून घेतलेत!" सासरे एवढंच म्हणत होते, "नकाशा चुकणार नाही. मी स्वतः चाललोय." पण होकायंत्र पुन्हा पुन्हा तपासत होते. तेवढ्यात सेक्रेटरीबाईंचा फोन वाजला. बागेमागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये साखरपुडा होता. तिथे गळ्यात होकायंत्रं घातलेली पोरं एकेक करून येऊन पोचली होती आणि मुलीकडच्यांनी ती मुलाकडची समजून त्यांना शिरापुरीला बसवलं होतं. सगळी मुलं झेंडे ओलांडून पुढे गेली होती. आम्ही धावत जाऊन मोजली. एकवीस भरली. बाविसावी मुक्ता, आणि ती तिथे नव्हती.

बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून आठवतो. आम्ही परतलो तर सासरे खुर्चीत बसून पुटपुटत होते, "माझं ड्रॉइंग चुकलं." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. आणि समोरून मुक्ता आली, निवांत. कार्डावर आठच्या आठ भोकं होती. "पाचवा झेंडा सुटला होता, तो बांधत बसले," असं तिने सांगितलं.

"तुला कसे सापडले?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी दीड केलंच नाही. तेच सांगत होते, तर तुम्ही प्रश्न नंतर म्हणालात. आजोबा, तुमचं पाऊल आता माझ्याएवढंच आहे. मासळीला जाताना आपली बरोबर पडतात ना?"

फोनचं पातेलं पालकांनी आवाज न करता रिकामं केलं.

संध्याकाळी त्यांनी मुक्ताला पॅसेजमध्ये टेप धरायला लावली आणि त्यावरून चालले. पन्नास सेंटीमीटर. पुन्हा चालले, पुन्हा पन्नास. मग नकाशाच्या कोपऱ्यातला पंचाहत्तरचा आकडा खोडरबराने नीट पुसून त्यांनी पन्नास लिहिला, खाली तारीख घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तर दर रविवारी बरोबर असता. सांगायचं नाही का?"

काय सांगणार? इतकी वर्षं मी पिशवी घेऊन पुढे जायचो आणि कोपऱ्यावर घड्याळ बघत उभा राहायचो. मला वाटायचं, ते मोजतात म्हणून हळू चालतात.