नववीच्या वर्गात कुंदाबाई

जळगावजवळच्या असोद्यात लग्न ठरलं की आचाऱ्याआधी कुंदाबाईला सांगावा जाई. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत ती कोपरापर्यंत पसरवी आणि तो भलामोठा मांडा उपड्या खापरावर अलगद टाकी. नवरा रावेरची केळी ट्रकने दिल्लीला नेई. तो एड्सने गेला, तेव्हा घरच्यांनी कावीळ सांगितली. पुढे कुंदाबाईच्या रक्तातही एचआयव्ही निघाला. ते तिने एकाच बाईला सांगितलं होतं, जळगावच्या मुलींच्या शाळेतल्या सुनंदाबाईंना.

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात सुनंदाबाईंनी तिला नववीच्या वर्गात बोलायला बोलावलं.

"पण नाव नका सांगू. असोद्याच्या पोरी आहेत वर्गात. संध्याकाळच्या एसटीने बातमी गावात जाईल. लग्नाची कामं जातील तुमची," सुनंदाबाई म्हणाल्या.

"बिनानावाची बाई बोलली तर पोरी म्हणतील, मॅडमनी पढवून आणलीय," कुंदाबाई म्हणाली.

वर्गात तिने नावासकट सगळं सांगितलं. तेवढ्यात असोद्याच्या द्रौपदाबाईंची नात उठली.

"तुमच्या हातचे मांडे मी मावशीच्या लग्नात खाल्ले."

कुंदाबाई तिच्याकडे वळली.

"किती खाल्ले?"

"दीड."

"अर्धा काबरं टाकला वं? माझा मांडा टाकत नाही कोणी."

पोरी हसल्या. मग कुंदाबाईनं समजावलं, हा रोग जेवणातून, हात लागून होत नाही. वापरलेल्या सुईतून होतो, न तपासलेलं रक्त चढवताना होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून होतो. हे बोलताना ती अडखळली नाही. खिडकीबाहेर पाहिलं ते सुनंदाबाईंनी.

त्या लग्नसराईत दोन घरांनी निरोप धाडला, मांडे नकोत, जिलेबी ठेवलीय. एका घरानं तोही धाडला नाही. कुंदाबाई केळीच्या मळ्यात रोजाने जाऊ लागली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी द्रौपदाबाई दारात उभ्या.

"लेकी आल्यात माहेरी. उद्या खापर घेऊन ये."

"अक्का, कळलंय ना तुम्हाला माझं?"

"नातीनं पाठ करून घेतलंय माझ्याकडून. तुझ्या हातून रोग येत नाही म्हणे. गेल्या साली पुरणात गूळही आला नव्हता, तो काबरं?"

"गूळ तुम्हीच हात आखडून दिला होता, अक्का."

"बरं बरं. यंदा देते हात सोडून."

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या अंगणात चूल पेटली. शेजारच्या दोघी कुंपणापाशी येऊन बघत राहिल्या. पहिला मांडा खापरावर पडला, तशी एक तोंड फिरवून घरात गेली. दुसरीनं आपल्या घरची तुपाची वाटी आणली आणि पाट ओढून बसली.