कलम सात

"आमची सुमन ना, दिवसभर पाणीसुद्धा मागत नाही हो. अशी बाई मिळायला नशीब लागतं."

खासदारसाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, हॉलमध्ये बोलत होत्या. दोन पाहुण्या आल्या होत्या, चहा चालला होता. काचेच्या पार्टिशनच्या अलीकडे, साहेबांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरपुढे बसले होते. एक पाहुणी म्हणाली, "आमची तर मेली दर तासाला चहा मागते." तिघी हसल्या.

सुमन म्हणजे माझी आई.

ती पाणी का मागत नाही ते मला माहीत होतं. त्या बंगल्यात चार बाथरूम. चारही आई धुवायची. अकरा वर्षं. त्यातल्या एकातही बसायची तिला परवानगी नव्हती. नोकरमाणसांसाठी मागे जनरेटरजवळ एक संडास होता. ड्रायव्हर, वॉचमन, माळी, सगळे पुरुष तोच वापरायचे. त्याला आतून कडी नव्हती. म्हणून आई सकाळी अर्धा कप चहा पिऊन निघायची आणि दुपारी तीनला सातपूरला घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही.

आता तो तिचा गुण झाला होता. पाहुण्यांना सांगण्यासारखा.

मी टाइप करत राहिले.

शेवट गोड होईल अशी कोणी वाट बघू नये म्हणून आधीच सांगते. त्या बंगल्यातलं काम आता आमच्या दोघींकडे नाही. मी मागितलेलं अनुभवाचं पत्र मला मिळालेलं नाही. ज्या दोन वकिलांकडे मी नंतर काम मागायला गेले, त्यांना माझ्याबद्दल आधीच फोन गेला होता.

मी गप्प राहणारी मुलगी आहे. हे मी शाळेत शिकले. शाळा इंग्रजी माध्यमाची, मोठ्या नावाची. आई तिथे मावशी होती, म्हणून मला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी आईने बजावलं होतं, "शाळेत मला आई म्हणायचं नाय. पोरं चिडवतील." वर्गातून बाहेर जायचं तर इंग्रजीत विचारायचं, असा नियम होता. मला ते वाक्य येत नव्हतं. मी बोट वर करून मराठीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "इन इंग्लिश." मी पुन्हा मराठीत सांगितलं. "इन इंग्लिश, प्लीज." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग बाकाखाली ओलं झालं.

बाईंनी दारातून हाक मारली, "मावशी, पुसून घ्या."

आई फडकं घेऊन आली. माझ्या पायाशी बसली. पुसलं. एकदाही वर बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. ती माझी कोण, हे त्या वर्गात कोणाला कधीच कळलं नाही. त्या रात्री मी ते वाक्य पाठ केलं. मला आलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

मी सहावीत असताना शाळेने सफाई ठेकेदाराला दिली. आई गंगापूर रोडच्या या बंगल्यावर कामाला लागली. साहेबांचा मतदारसंघ दुसऱ्या जिल्ह्यात, पण राहणं नाशकात. आमची जात त्यांनी कधी विचारली नाही. आडनाव ऐकलं, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी आईचा कप स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवला गेला. तो तिथेच राहिला.

मी लॉ केलं. आईने वहिनींना सांगितलं, वहिनींनी साहेबांना. मला ऑफिसात घेतलं. काम होतं विधेयकं लिहायचं.

मंत्री जी मांडतात ती सरकारची विधेयकं. पण साध्या खासदारालाही स्वतःचं विधेयक मांडता येतं. त्यासाठी शुक्रवारची दुपार ठेवलेली असते. चर्चेचा नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो. बहुतेकांचा लागतच नाही. लोकसभा विसर्जित झाली की ती विधेयकंही संपतात. हे साहेबांना माहीत होतं. त्यांना आकडा हवा होता. निवडणुकीआधी निघणाऱ्या कार्यअहवालात 'मांडलेली विधेयके' असं एक पान असतं. साहेबांचे पीए मला म्हणायचे, "लिही गं काहीही. मधमाश्यांवर लिही, दप्तराच्या ओझ्यावर लिही. विरोध होणार नाही असं बघ म्हणजे झालं."

मी मधमाश्यांवर लिहिलं. दप्तरावर लिहिलं.

पाहुणे आले की साहेब मला बोलवायचे. "ही आमच्या बाईची मुलगी. फाडफाड इंग्लिश. बोल गं काहीतरी." एकदा घाबरून मी विधेयकाच्या व्याख्येच्या कलमाची पहिली ओळच म्हणून दाखवली. "इन धिस अ‍ॅक्ट, अनलेस द कॉन्टेक्स्ट अदरवाइज रिक्वायर्स." टाळ्या पडल्या. एक गृहस्थ म्हणाले, "वा! पोपटासारखी बोलते." साहेब खूश झाले. आई मागच्या दारात परात पुसत उभी होती. तीही खूश झाली. मला त्या टाळ्यांपेक्षा ते जास्त लागलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. ते लपवावंसं वाटतं, म्हणून सांगते. ऑफिसच्या माणसांना खालच्या मजल्यावरचं पाहुण्यांचं बाथरूम वापरायला होतं. मी ऑफिसची होते. मी जायचे, फ्लश करायचे, हात धुऊन बाहेर यायचे. तासाभराने आई ते धुवायची. सात महिने हे चाललं. मी कोणाला काही बोलले नाही. आईही नाही.

मग तिला ताप आला. लघवीला आग, पाठीत कळा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "हे वारंवार होतंय. किडनीपर्यंत जाईल. भरपूर पाणी प्यायचं आणि दर दोन तासांनी जायचं."

आई हसली. म्हणाली, "मॅडम, बंगला तुमचा असता तर गेले असते."

घरी आल्यावर मी म्हणाले, "काम सोड."

"आन् तुझं ऑफिस?"

"तेही सोडते."

"लय शिकली तू. माझं सोड. पाणी कमी पिलं की झालं, त्यात काय. तू वकील झाली का मग बघू."

तिचा ताप उतरायच्या आत मी घरकामगारांचं विधेयक लिहिलं. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, लेखी करार, हे सगळे लिहितात तेच. आणि कलम सात. घरकामगाराला त्या घरात पिण्याचं पाणी मिळेल, ज्या घराचं स्वच्छतागृह ती स्वच्छ करते ते वापरण्याचा तिला हक्क राहील, आणि तिच्यासाठी भांडी वेगळी ठेवली जाणार नाहीत. इंग्रजीत ते तीन ओळींत बसलं. अकरा वर्षं तीन ओळींत.

साहेबांनी ते वाचलं नाही. सही केली. एका शुक्रवारी मांडलं. मी ऑफिसात टीव्हीवर पाहिलं. साहेब उठले, परवानगी मागितली, "हो" असा आवाज झाला, साहेब बसले. मिनिटसुद्धा लागलं नाही. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "किती छान दिसतं ना यांना ते जॅकेट," म्हणाल्या.

पण कलम सात कोणीतरी वाचलं. एका चॅनेलचा फोन आला. संडासाच्या हक्काचं विधेयक मांडणारा खासदार म्हणून साहेबांची मुलाखत हवी होती. घरीच. पीएंनी तेव्हा पहिल्यांदा विधेयक उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय लिहून ठेवलंस गं?" साहेबांनी त्यांना थांबवलं. "असू दे. चांगलंय. सुमनला समोर आणू."

त्या दिवशी आईला मागच्या दाराने न येता पुढच्या दाराने यायला सांगितलं. वहिनींनी आपली एक साडी दिली. सुमनची सुमनताई झाली. रिपोर्टर माझ्याच वयाची होती. साहेब कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "ही प्रेरणा मला घरातूनच मिळाली. सुमनताई आमच्या घरातल्याच आहेत."

रिपोर्टरने विचारलं, "ताई, इथे तुम्हाला सगळी सोय आहे ना?"

आईने वहिनींकडे बघितलं. म्हणाली, "हो."

मग डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसवून तिला पाणी पिताना दाखवायचं ठरलं. काचेचा ग्लास. ग्लास कलला, पाणी साडीवर सांडलं. कॅमेरामन म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा. पूर्ण प्या." पुन्हा भरला. तेवढ्यात कोणाचा तरी फोन वाजला. पुन्हा एकदा. तीन ग्लास पाणी. अकरा वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

"कुठलं बाथरूम वापरतात त्या?"

वहिनी म्हणाल्या, "हे काय, खालचं. आमच्याकडे असलं काही नसतं बाई."

आईला त्या दारातून आत जायला लावलं. दार बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, बाहेर यायचं. तिने दार लावलं. मी बाहेर उभी होते. आतून पाण्याचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. ती आत नुसती उभी होती. दहापर्यंत मोजून बाहेर आली. कॅमेरामन म्हणाला, "ओके."

सगळे लॉनवर गेले. साहेबांची उरलेली मुलाखत तिथे व्हायची होती. पीए माझ्याजवळ आले. "तू पण चल. कलम सात इंग्लिशमध्ये सांगायचंय, त्यांच्या दिल्लीच्या लोकांना हवंय. आणि हसून बोल जरा." मी कागद घेतला.

मागून वहिनींचा आवाज आला. हळू, नेहमीचा, रागाचा मुळीच नाही.

"सुमन, ते धुऊन घे गं आता. फिनाइल टाक. आत जाऊन आलीस ना."

मी वळले.

आईने वहिनींच्या साडीचा पदर कमरेला खोचला. कोपऱ्यातला ब्रश घेतला. वाकताना थांबली. एका हाताने भिंत धरली, गुडघे एकमेकांना दाबले, डोळे मिटले. मला कळलं. तीन ग्लास. तिला लागली होती. संडासासमोर ती ब्रश घेऊन उभी होती आणि दाबून धरत होती. घरी जायला अजून तीन तास होते. साडी वहिनींची होती, ती खराब होईल याची भीती तिच्या तोंडावर दिसत होती.

मला वर्गातला तो बाक आठवला. फडकं आठवलं. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला वाक्य येत नव्हतं. आता मला दोन भाषांत कायदा लिहिता येत होता.

"अगं चल, थांबलेत सगळे," पीए म्हणाले. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. लॉनकडचं काचेचं दार उघडं होतं. तिथून साहेब दिसत होते, रिपोर्टर दिसत होती. म्हणजे त्यांना आम्हीही दिसत होतो.

मी कलम सातचा कागद पीएंच्या हातात दिला. वहिनींना म्हणाले, "बाजूला व्हा." त्या झाल्या. बहुधा आश्चर्याने. मी आईच्या हातातला ब्रश घेतला आणि फरशीवर टाकला. ती कुजबुजली, "नको गं पोरी. आपलं काम जाईल."

जाणार होतं. तिचं, माझं, दोन्ही. मला ते तेव्हाच माहीत होतं. यापुढे ज्या घरात आईला बसायला जागा नाही त्या घरासाठी मी एक ओळ लिहिणार नाही, हेही.

त्या बंगल्यात मी तिला कधी आई म्हटलं नव्हतं. बाहेर लॉनवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले,

"आई, दार लाव आणि बस. मी इथे उभी आहे."