मेथी, माती आणि कमलताई

फोनवर 'कमलताई' हे नाव दिसलं आणि मी नेहमीसारखं हॅलोबिलो न म्हणता सरळच विचारलं, "बोला, आज कोणाची फजिती?" सकाळचे दहा वाजले असतील. ओट्याशी उभी राहून मी कोथिंबीर निवडत होते.  पलीकडून एक पुरुषी, गरजेपेक्षा मोठा आवाज आला. "ताई, मी रंगनाथ बोलतोय, सायखेड्याहून. तुम्ही काय बोलाल ते मला ऐकू यायचं नाय. मी सांगतो तेवढं ऐका. कमल पहाटं गेली. दुपारी दोनला न्यायचं हाय. घाई करू नका, तुमची वाट बघू." फोन बंद झाला. माझा प्रश्न त्यांना ऐकू गेला नाही, हे नशीब म्हणायचं … पण मला तो ऐकू आला होता आणि गेले सहा आठवडे येतोच आहे.

या पुरवणीचे वाचक मला हलकंफुलकं लिहिणारी म्हणून ओळखतात. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, एका सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. मोठमोठे विनोद मला जमत नाहीत. पुढाऱ्यांवर लिहायची छाती नाही आणि कोट्या करायची अक्कल नाही. मला हसू येतं ते फोनवर बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या चुकलेल्या बाईचं. लग्नात आपल्या खुर्चीमागे उभं राहून आपल्या ताटात किती उरलंय ते बघणाऱ्या पाहुण्याचं. 'येथे गाडी लावू नये' या पाटीखाली स्वतःची गाडी लावणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांचं. "तुम्हाला हे सुचतं कुठून?" असं वाचक विचारतात. "अवतीभवती बघते," असं मी आजवर सांगत आले. ते खरं नव्हतं. बघायच्या कमलताई. मी लिहायचे.

कमलताई आमच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळायच्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. गाव सायखेडा, तिथून रोज एसटीनं यायच्या, नाशिकच्या द्वारका चौकात उतरायच्या आणि तिथला रस्ता ओलांडून पुढची रिक्षा धरायच्या. त्यांच्या घराण्यात नोकरी करणाऱ्या त्या पहिल्याच. सासऱ्यांनी शिकवलं, असं त्या अभिमानानं सांगायच्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर गठ्ठे, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की पाहणाऱ्याला वाटावं, बाई फार कडक आहेत. गोष्ट सांगताना त्या कधी हसत नसत. सगळे हसून दमले की चष्मा काढून पदराला पुसत, इतकंच. त्यांच्या खोलीतलं पंख्याचं बटण वायरिंगच्या कुठल्याशा गोंधळामुळे साहेबांच्या केबिनमधला पंखा चालवायचं. ही गोष्ट फक्त त्यांना आणि मला माहीत होती. साहेबांचा आवाज चढला की त्या शांतपणे उठायच्या. "तापलेत. तीनवर करते," म्हणायच्या आणि पुन्हा गठ्ठा सोडायला बसायच्या.

एके दिवशी डबा खाताना त्यांनी एसटीतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई रोज पिशवीभर मटाराच्या शेंगा घेऊन चढायची आणि सोलायला बसायची. शेजारचीला बघवेना म्हणून तिनं मूठभर घेतल्या, मग पुढच्या सीटवरच्या आजींनी, मग कॉलेजच्या मुलींनी. आठवडाभरात शेंगा मागच्या सीटपर्यंत पोचल्या. कंडक्टर तिकिटं काढून झाली की पेटीवर ताल धरायचा, तो आता शेंगा सोलायचा. "द्वारका येईस्तोवर हिचे दाणे डब्यात, टरफलं पिशवीत," कमलताई म्हणाल्या. "अख्खी बस हिनं स्वयंपाकघरात बसवली." मी घरी जाऊन ते जसंच्या तसं लिहून काढलं आणि पाठवून दिलं. छापून आलं. तो माझा पहिला लेख. कमलताईंनी तो कचेरीभर फिरवला. "हे मी सांगितलंय" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मीही म्हटलं नाही. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

असं बरीच वर्षं चाललं. त्या सांगायच्या, मी लिहायचे. मग ती मेथीची गोष्ट आली. त्यांचे यजमान, रंगनाथभाऊ, यांचा गोदेच्या काठी थोडका भाजीपाला होता. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कमलताईंनी कचेरीतून फोन केला, "पाहुणे येणार हायेत, मेथी आणून ठेवा." भाऊंनी माती ऐकली. संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन घमेली माती ठेवलेली, वर ओलं फडकं टाकलेलं. "मेथी कुठंय?" असं विचारलं तर भाऊ म्हणाले, "ही काय, झाकून ठेवलीये." डब्याच्या वेळी आम्ही सगळे हसून हसून लोळलो. मी रविवारचा लेख लिहिला. नावं बदलली होती, पण सायखेड्याच्या कारकूनबाईंचा नवरा म्हटल्यावर नाव कशाला लागतं? पदरचा मीठमसालाही घातला. त्या लेखाचं इतकं कौतुक झालं, की सोमवारी मी पेढे घेऊन गेले.

कमलताईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून त्यांनी डबा रेकॉर्डच्या खोलीत एकटीनं खायला सुरुवात केली. भांडण नाही, टोमणा नाही. कामाचं बोलायच्या. मी दोनतीनदा विचारलं, "काही चुकलं का?" तर, "काम हाय गं," एवढंच. तीन महिने असे गेले. माझं लिहिणंही बंद पडलं. संपादकांना मी तब्येतीचं कारण सांगितलं. शेवटी एकदा मी त्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांनी गठ्ठ्याची दोरी बांधून पुरी केली, मग बोलल्या. गावात सलूनमध्ये कुणीतरी तो लेख मोठ्यानं वाचला होता. भाऊ तिथं दाढीला बसले होते. लोक हसतायत एवढं त्यांना दिसत होतं. कशाला, ते कळत नव्हतं, म्हणून तेही हसले. नंतर कुणीतरी पेपर हातात दिला. तेव्हापासून बांधावरून जाणारी पोरंसोरं "दादा, मेथी पाहिजे काऽ" असं ओरडत जायची. भाऊंनी चौकात बसणं सोडलं. फोन उचलणं सोडलं.

"पण ताई, तुम्हीच तर सांगितली होतीत ती गोष्ट …" मी म्हणून गेले.

"सांगितली की," त्या म्हणाल्या. "मी सांगते तेव्हा मी त्यांची बायको असते. हसवते अन् संध्याकाळी त्यांच्याच घरी जाते. तुझा पेपर गावात गेला तेव्हा त्यांच्या बाजूला कोण होतं?"

 तो प्रश्न घेऊन मी घरी आले.

पुढच्या रविवारी मी सायखेड्याला गेले. कमलताईंना सांगितलं नव्हतं. त्या मला दारात बघून चमकल्या, पण 'ये' म्हणाल्या. भाऊ अंगणात खुरप्याला मूठ बसवत होते. उंच, किडकिडीत माणूस, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघायची सवय. मी समोर बसले आणि म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. मी माफी मागायला आले." त्यांनी कानामागं हात नेला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "काय म्हणता?" माफी हळू आवाजात मागायची आपल्याला सवय असते. मला ती ओरडून मागावी लागली. तिसऱ्या वेळी शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, समोरच्या ओट्यावरचे म्हातारे उठून बसले आणि त्या सगळ्यांदेखत मी जिवाच्या आकांतानं म्हणाले, "माझं चुकलं, भाऊ!" मागून कसलासा आवाज आला. वळून बघते तर कमलताई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. तीन महिन्यांनी. "झालं," त्या म्हणाल्या, "आता अख्ख्या आळीला कळलं."

भाऊ मात्र हसले नाहीत. थोडा वेळ खुरपं न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "लेख वाचला मी. चांगला हाय. पण तुम्ही लिहिलं, रस्त्याकडंची माती उचलून आणली. तसं नाय. मी नदीकाठची गाळाची मळई आणली होती. चाळून. बाईमाणसानं माती मागितली म्हणजी कुंड्याबिंड्या भरायच्या असतील, मग चांगली न्यावी म्हटलं." खुरप्याची मूठ ठोकत म्हणाले, "परत विचारलं असतं तर कळलं असतं मला, मेथी हाय म्हणून. पण दिवसातून किती वेळा विचारायचं माणसानं, काय म्हणालीस, काय म्हणालीस …"

मी ज्या गोष्टीवर पोट धरून हसले होते, तिच्या आत हे होतं. निघताना भाऊंनी वाफ्यातून एक जुडी उपटून आणली, मुळं झटकली आणि माझ्या हातात दिली. "ही मेथी हाय. नीट बघून घ्या," म्हणाले. तेव्हा कुठे त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

आठ दिवसांनी कमलताई डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. भाऊ कानाच्या मशीनला तयार झाले होते. पाच वर्षं ऐकत नव्हते, आता आपणहून म्हणाले, "त्या ताईला तीनदा ओरडावं लागलं. बरं दिसलं नाय ते." नाशिकलाच एका डॉक्टरांकडे मशीन बसवलं. मी सोबत होते. मशीन चालू झालं, डॉक्टर म्हणाले, "आता बाई, तुम्ही काहीतरी बोला." कमलताई बोलल्या, "अहो, येतंय का ऐकू?" भाऊ खुर्चीतच दचकले. म्हणाले, "एवढी मोठ्यानं का बोलतीस?" इतक्या वर्षांची सवय! तो आवाज पुढेही कधी खाली आला नाही. भाऊ घरात मशीन बारीक करून ठेवायचे, अशी तक्रार त्या मोठ्यानंच करायच्या.

त्यानंतर मी एक नियम केला. ज्या माणसावर लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं. तो हसला तरच छापायला पाठवायचं. त्यात माझे कित्येक लेख बुडाले. कमलताई म्हणायच्या, "बुडू दे. माणूस राहिला ना?" स्वतःवर मात्र त्यांनी मला कधी लिहू दिलं नाही. "माझ्यात हसण्यासारखं काय हाय?" असं विचारायच्या आणि कडक चेहऱ्यानं बघायच्या.

निवृत्तीनंतर त्यांच्या किडन्यांचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला यायच्या आणि ते झालं की लगेच प्रवास झेपत नाही म्हणून दोन तास माझ्या घरी दिवाणावर पडायच्या. तिथूनही गोष्टी चालूच होत्या. डायलिसिसला शेजारच्या खाटेवरचे एक सद्गृहस्थ नळ्या लावलेल्या असताना फोनवर मुलीसाठी स्थळं बघायचे. "नाही हो, जरा कामात आहे," असं सांगायचे म्हणे. भाऊ शेजारी स्टुलावर बसून ऐकायचे, हसायचे. आधी मला वाटायचं, यांना आजाराचं काही वाटतच नाही. मग एकदा चहा घेऊन आले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि खांदे हलत होते. मी कप ठेवून स्वयंपाकघरात परत गेले. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून हाक आली, "चहा गार झाला गं!" आवाज तोच, मोठा.

शेवटची भेट त्याच दिवाणावरची. त्या दिवशी फार थकल्या होत्या, हात सुजलेले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी सोसायटीतल्या कुणाची तरी गंमत सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील, त्यांनी हात वर केला. "आज नको गं," म्हणाल्या, "आज हसायला ताकद नाय. नुसती बस." मी बसले. भाऊही बसले. दोन तास तिघं काही न बोलता बसलो होतो, बाहेर भंगारवाला ओरडून गेला, उन्हं सरकली. जाताना रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात दाबला. मला तेव्हाच कळायला हवं होतं … कदाचित कळलंही होतं. पुढच्या आठवड्यात तो फोन आला.

मी दोनच्या आधी पोचले. एसटीतून त्यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी बायका आल्या होत्या. कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं, आणि तेच फार विचित्र वाटत होतं. नंतर जलदानविधीच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर भन्तेजींनी दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. हा लेख म्हणजे तेव्हा न बोललेलंच आहे. आणि नियम नियमच असतो. ज्यांच्यावर लिहिलं त्या आता ऐकायला नाहीत, म्हणून इथपर्यंतचं लिहून परवा मी भाऊंकडे घेऊन गेले.

दुपारची वेळ होती. घर आवरलेलं होतं. भाऊंच्या कानात मशीन नव्हतं. मी कागद दाखवून खुणेनं 'वाचू का' असं विचारलं. ते उठले, फडताळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आत मशीनचे सेल होते, पाकिटांवर पाकिटं, रबर लावून नीट रचलेली. "शेवटच्या महिन्यात आणून ठेवले तिनं," ते म्हणाले. "तुम्हाला दुकान सापडायचं नाय, म्हणाली. दोन वर्षं पुरतील." डब्याकडे बघत राहिले. "दोन वर्षं कुणाचं ऐकायचं, ते नाय सांगितलं."

 भाऊंनी एक पाकीट फोडलं, जाड बोटांनी तो एवढासा सेल कसाबसा मशीनमध्ये बसवला, मशीन कानाला लावलं आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"वाचा," म्हणाले. "सावकाश वाचा."