लोंढ्याच्या रस्त्यावरचं चितळ

माझे वडील शिकारी आणि सासरे निपाणीचे जैन, तंबाखूचे व्यापारी. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या बायकांनी कपाळाला हात लावला होता. पण हे दोघे व्याही असे काही जमले, की हल्ली त्यांच्यात मलाच कोणी विचारत नाही. वडील शिकारीच्या गोष्टी सांगतात. त्या सगळ्या बंदी येण्याआधीच्या, निदान ते तसं म्हणतात. सासरे "शिव शिव" करत ऐकतात आणि हळूच विचारतात, "मग फुडं काय झालं?"

गेल्या हिवाळ्यात लोंढ्याला भावाच्या मुलीचं बारसं उरकून आम्ही तिघं निघालो. गाडी मी चालवत होते. सासरे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्यांना त्याआधी बेळगावात बहिणीकडे जेवायला पोचायचं होतं, त्यामुळे दर वळणाला ते मला सूर्य कुठवर उतरला याची बातमी देत होते. एका वळणावर मीच करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेला चितळाची मादी पडली होती. कुठल्यातरी गाडीने उडवलेली. पुढचे पाय झाडत होती, मागचं अंग हलतच नव्हतं. वडिलांनी वाकून पाहिलं. "कणा मोडलाय. हे आता उठत न्हाय."

मी वनखात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस "निघालोच" म्हणाला, कुठून ते काही सांगेना.

तेवढ्यात मोटारसायकलवरचे दोघे थांबले. "काय मामा, वाटे घालायचे काय?" त्यांच्यावर वडील मराठीत आणि सासरे कन्नडमध्ये असे तुटून पडले, की गाडी सुरू करतानाही त्यांची तारांबळ उडाली. असं आयतं पडलेलं जनावर शिकाऱ्याने खायचं नाही, हा वडिलांचा नियम. सासऱ्यांचं तर बोलायलाच नको, ते कांदासुद्धा खात नाहीत.

पण वडिलांचा आणखी एक नियम होता. तडफडणारं जनावर तसंच टाकून जायचं नाही. त्यांनी डिकीतून शहाळी फोडायचा कोयता काढला. सासरे आडवे आले.

"थांबा वो पाव्हणं. आधी तिच्या कानात णमोकार म्हणतो."

वडील थांबले. सासऱ्यांनी धोतर सावरून बसकण मारली आणि मंत्र म्हटला. संपल्यावर पुन्हा म्हटला. मग पुन्हा.

"पाव्हणं, हे संपायचं हाय का न्हाय?"

"जरा दम धरा की."

म्हाताऱ्याची लबाडी माझ्या ध्यानात आली. मंत्र चालू असेपर्यंत कोयता उठणार नव्हता, आणि मंत्र आज संपणार नव्हता. तशातही मला हसू आलं.

मग ती ओरडली. हरीण असं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. माझं हसू जागीच विरलं, मी तोंड फिरवून रडायला लागले. सासऱ्यांचा मंत्रही थांबला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तिचे डोळे झाकले.

"करा," ते म्हणाले.

आता वडीलच गडबडले. "तुमी गाडीत जाऊन बसा. तुमी काय बघितलं न्हाय."

"असं कसं? करणं, करवणं आनि करणाऱ्याला हो म्हणणं, आमच्यात तिन्हीचं पाप सारखंच. मी म्हटलंय. मी हितंच बसतो."

वडिलांनी एकच घाव घातला.

वनखात्याचा माणूस आला तेव्हा ऊन गेलं होतं. कोणी मारलं, असं त्याने कन्नडमध्ये विचारलं. कोयता वडिलांच्या हातात होता. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच सासरे पुढे झाले. "मी मारलं." त्या माणसाने कोयत्याकडे पाहिलं, पांढऱ्याशुभ्र धोतराकडे पाहिलं. मग मादीच्या पाठीवरून हात फिरवला, गुन्हा आहे हा, असं दोघांनाही दरडावलं आणि जा म्हणाला.

आम्ही निघालो. सासऱ्यांचं जेवण बुडालं होतं, पण त्यांनी सूर्याचं नावही काढलं नाही. खानापूर मागे पडल्यावर वडिलांनी घसा खाकरला.

"दुसऱ्याची शिकार आपल्या नावावर सांगणारे लई बघितले मी," ते म्हणाले. "पर ते सगळे मटणासाठी सांगायचे वो, पाव्हणं."