हॉयट स्कॉगिन्सचा खर्ज

आर्व्हेला प्रुइट आठवडाभर गिरणीत मोज्यांचे पंजे शिवायची आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायची. भक्तमंडळींचा सूर कडव्यागणिक घसरायचा, त्यामुळे वाजवता वाजवता पट्टी बदलणं तिला मोजे शिवण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. पण चार बाप्ये शेजारी शेजारी उभे राहून देवाची गाणी गातात, ती चौकडी मात्र तिने जन्मात ऐकली नव्हती. उत्तर अलाबामात राहून हे जमवायला जिद्द लागते. सकाळ झाली की घरोघरच्या रेडिओवर कुठली तरी चौकडी सुरू व्हायची. आर्व्हेला शेजारणीकडे मीठ मागायला गेली आणि आतून रेडिओ ऐकू आला, तर ती तशीच परत यायची आणि अळणी जेवायची.

याला कारण हॉयट. बत्तीस साली, जूनमध्ये, पांढरा झगा घालून ती याच चर्चच्या दारात उभी होती. नारळाचा तीन थरांचा केक तयार होता. नवरदेव त्या वेळी ग्लोरी रिज चौकडीच्या मोटारीत बसून टेनेसीच्या वाटेला लागला होता. चौकडीला खर्जातला गायक हवा होता. पाहुण्यांनी हळहळत केक संपवला. एकाने तर दुसऱ्यांदा मागून घेतला. तो कोण, हे आर्व्हेला अजून विसरली नव्हती.

बावीस वर्षांनी पास्टर लॉफ्टिस तिच्या ओसरीवर आले आणि टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"मिस आर्व्हेला, रविवारी ग्लोरी रिजवाले येताहेत. त्यांच्या पियानोवाल्याची दाढ सुजलीय. तुम्ही... म्हणजे जुनं काही मनात नसेल तर..."

"वाजवीन."

"मी उगाच भीत होतो!"

"माझ्या मनात काय आहे ते देवाला ठाऊक आहे, ब्रदर लॉफ्टिस."

"आमेन!" म्हणून पास्टर खुशीत पायऱ्या उतरले.

तिच्या मनात जे होतं ते सरळ होतं. गिरणीतल्या बायकांच्या गप्पांतून तिला एवढं कळलं होतं, की चौकडीचं शेवटचं गाणं आलं की लोक ओरडतात, "अजून खाली!" मग पियानोवाला पट्टी अर्ध्या सुराने उतरवतो आणि खर्जवाला तळ गाठून दाखवतो. दोनदा, फार तर तीनदा, आणि ते खर्जवाल्याच्या खुणेने. आर्व्हेला खुणेची वाट बघणार नव्हती. हॉयटचा आवाज संपेपर्यंत ती उतरवत जाणार होती. ज्या बाकांसमोर तिची शोभा झाली, त्याच बाकांसमोर त्याचीही व्हायला हवी होती.

रविवारी अंगणातल्या लांब टेबलांवरची तळलेली कोंबडी आणि केळ्यांचं पुडिंग फस्त करून मंडळी आत आली. हॉयट आता पोटाने दुप्पट आणि केसांनी पाव झाला होता. त्याने पियानोकडे पाहिलं आणि घाईघाईने छताकडे पाहिलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि आर्व्हेलाची पंचाईत झाली. चार आवाज असे एकमेकांत बसले की कुठला कुणाचा ते कळेना. वरचा सूर खिडकीबाहेर निघून गेला. खालचा लाकडी जमिनीतून आला, तिच्या तळव्यांतून पोटरीत शिरला. पुढच्या बाकावरची जाडी बाई ढसाढसा रडू लागली. यासाठी गेला होय मेला, तिला वाटलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत तिने त्याला निम्मी माफी देऊनही टाकली होती.

उरलेली निम्मीही मिळाली असती. पण दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवण्याचं काम खर्जवाल्याकडे असतं.

"मंडळी," हॉयट माईकजवळ वाकला, "या गावाने मला दोनदा तारलं. एकदा नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा माझ्या लग्नाच्या दिवशी, मागचं दार उघडं ठेवलं तेव्हा!"

सगळं चर्च हसलं. पास्टरसुद्धा हसले, आणि मग पियानोकडे बघून खोकले.

आर्व्हेलाने दिलेली माफी परत घेतली. व्याजासकट.

शेवटचं गाणं आलं. लोक ओरडले, "अजून खाली, ब्रदर हॉयट!" तिने पट्टी उतरवली, हॉयट उतरला. पुन्हा उतरवली, तो हनुवटी छातीला टेकवून पोचला. तिसऱ्यांदा नुसती घरघर आली. त्याने पाठीमागे हात नेऊन "पुरे" अशी खूण केली. आर्व्हेलाने चौथ्यांदा उतरवली.

हॉयटने तोंड उघडलं. ओठ थरथरले, गाल थरथरले, पोट थरथरलं. सूर आला नाही. माईकमधून फक्त वारा आला.

आर्व्हेलाने बावीस वर्षांचा श्वास सोडला.

मागून एक म्हातारा काठी आपटत उठला. "ऐकलंत का? इतका खाली गेला की माणसाच्या कानाला लागेना!"

"मला बाकात जाणवला!" जाडी बाई किंचाळली.

"देवा रे, पुन्हा! ब्रदर हॉयट, पुन्हा!"

टोप्या उडाल्या. आर्व्हेलाने कपाळाला हात लावला. हे गाव केक खाणाऱ्यांचं होतं. त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा! पण तेवढ्यात हॉयट वळला. घाम डोळ्यांत उतरला होता.

"आर्व्हेला," तो दातांतून पुटपुटला, "वर घे. पाया पडतो."

"लोकांना हवंय, हॉयट."

"नाहीये माझ्याकडे तो सूर!"

"मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे." आणि तिने पट्टी आणखी उतरवली.

आणखी पाच वेळा हॉयट स्कॉगिन्स त्या गच्च भरलेल्या चर्चमध्ये तोंड उघडून नुसता वारा गायला, आणि दर वेळी लोक बाकांवर चढले. अख्ख्या सभेत दोघांनाच खरं ठाऊक होतं आणि त्यांतली एक त्याच्याकडे बघून गोड हसत होती.

सभा सुटल्यावर चौकडीचे म्होरके, ब्रदर डरवुड, हर्षाने डोळे ओले करून पियानोपाशी आले. "मिस आर्व्हेला, असा हॉयट मी बावीस वर्षांत ऐकला नाही! आमचा पियानोवाला बरा होईपर्यंत याल आमच्याबरोबर? सहा गावं आहेत."

"डरवुड, नको," हॉयटचा आवाज आला, चांगला वरच्या सुरात.

"किती वाजता निघायचं?" आर्व्हेलाने विचारलं, आणि पियानोचं झाकण लावलं.