बारा वर्षांचं मशिन, चार वर्षांचं मशिन

टाचणीबाई म्हणजे अंगाने किरकोळ, बोलायला सरळ आणि हमखास टोचणाऱ्या. कागद दिसला की टाचणी, माणूस दिसलं की शेरा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब लिहिले. नातवंडांची उंची मोजायची झाली तरी आधी दोघांना बूट काढायला लावायच्या. "एकाला बुटात आणि एकाला अनवाणी मोजायचं, आणि नंतर भांडण माझ्या गळ्यात. सांगितलंय कुणी?"

अशा बाईंच्या हातून चूक झाली, आणि झाली तीही बुटांचीच.

एका घरातल्या दोन कंपन्यांचे हिशेब त्यांच्याकडे होते. भावाची कंपनी खोकी करायची, बहिणीची पाकिटं. मालकी मात्र दोन्हींची आईकडे. वयामुळे आईला दोन्ही झेपेनात, तेव्हा तिने ठरवलं की नफा कमी असेल ती कंपनी बंद. भावाचा नफा पाच लाख, बहिणीचा साडेतीन. निकाल लागल्यातच जमा होता.

बैठकीच्या दिवशी सकाळी बाई दोन्ही हिशेब शेजारी ठेवून टाचणी शोधत होत्या, आणि नजर शेवटच्या पानावरच्या बारीक टिपांवर गेली. त्या टिपा कुणी वाचत नाही, लिहिणारीसुद्धा नाही. दोघांनी गेल्या वर्षी बारा-बारा लाखांना अगदी सारखं मशिन घेतलं होतं. किती टिकेल, असं बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"बारा वर्षं बघायला नको," भाऊ म्हणाला होता.

"चार निघाली तरी खूप," असं बहीण.

बाईंनी दोघांचंही ऐकलं, आणि मशिनची झीज म्हणून भावाच्या नफ्यातून वर्षाला एक लाख कापला, बहिणीच्या नफ्यातून तीन.

आता बाईंना घाम फुटला. दोघांना बारा वर्षं धरून पाहिलं, दोघांना चार धरून पाहिलं. कसंही मोजा, बहीण अर्ध्या लाखाने पुढेच.

बैठकीत त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी थाप मारली म्हणता?" भाऊ उसळला.

"नाही. तुम्ही दोघं खरंच बोललात. ते आकडे शेजारी शेजारी मांडले, ते माझं खोटं."

भावाचा चेहरा उतरला. आता कुणाची कंपनी बंद होणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बहिणीने पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

"माझ्या कामगारांना कसं सांगायचं, ते मी लिहून आणलं होतं," ती म्हणाली. "तुला लागेल."

भाऊ वाचत गेला. अकरा नावं होती, आणि प्रत्येकापुढे त्याच्या घरी कोण कोण आहे ते. त्याला पुढे वाचवेना. आईने कागद त्याच्या हातून ओढून घेतला.

"अर्ध्या लाखापायी हे कुणीच वाचून दाखवायचं नाही," ती म्हणाली आणि फाडायला लागली.

"फाडू नका, इकडे द्या," टाचणीबाई म्हणाल्या. त्यांनी टाचणी काढली आणि तो कागद दोन्ही हिशेबांच्या वर, पहिल्या पानावर लावला.